तुटलेला स्टड आणि भाऊजींचं इंजिन

भाऊजी विमा कंपनीत मोठे साहेब होते. गाडीच्या इंजिनाशी त्यांचा संबंध किल्ली फिरवण्यापुरता. पण निवृत्तीनंतर तीन आठवडे मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि ते तज्ज्ञ झाले. जुन्या गाडीचं इंजिन घरच्याघरी उघडून नवं करायचं ठरलं. ताईनं हात जोडले. देवाला की त्यांना, ते कळलं नाही.

मी वेल्डर आहे. अकरा वर्षं बॉयलरच्या नळ्या जोडतेय. भाऊजी पाहुण्यांना ‘ही कुठल्याशा कारखान्यात असते’ अशी माझी ओळख करून देतात. तेव्हा मला विचारायचा प्रश्नच नव्हता.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, निघून गॅरेजातल्या टेबलावर आलं. सायलेन्सरचा नळा हेडला धरून ठेवणारे आठ स्टड, म्हणजे आटे पाडलेल्या लोखंडी कांड्या, बदलायच्या होत्या. पहिल्याच गंजलेल्या स्टडवर भाऊजींनी पान्याला लांब पाइप लावून असा जोर लावला, की स्टड मोडला, पाना उडाला आणि साहेब रंगाच्या डब्यावर जाऊन बसले.

बोटभर तुकडा अजून बाहेर होता. तो पकडीत धरता आला असता. पण भाऊजींना नीटनेटकेपणा फार. त्यांनी तो घासून सपाट केला. मग त्यात भोक पाडायला गेले, तर ड्रिलचं पातंच आत मोडून बसलं. शेजारचे प्राध्यापक आले, टॉर्च मारून म्हणाले, “हा घर्षणाचा प्रश्न आहे,” आणि चहा पिऊन गेले.

चौथ्या दिवशी ताईचा फोन. “येऊन जा गं. माणूस जेवत नाही, नुसता त्या हेडकडे बघत बसतो.”

मी वेल्डिंग मशीन घेऊन गेले.

“जाळशील हं!” भाऊजी.

“हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, भाऊजी. हे वेल्डिंग त्याला चिकटत नाही, फक्त स्टडला चिकटतं. आणि चार दिवस तुम्ही काय गोंजारत होता त्याला?”

मोडक्या तुकड्यावर ठिपक्या-ठिपक्यानं धातू चढवला, वर नट ठेवून जोडला. पाना लावला, तर नट सुटून आला.

“मला वाटलंच होतं,” भाऊजी म्हणाले. चार दिवसांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

दुसराही नट सुटला. तेज वाढलं. तिसरा जोडून निवू दिला, तेल सोडलं, पाना थोडा पुढे, थोडा मागे. कर्र झालं.

“आता तुम्ही धरा.”

त्यांनी पाना फिरवला. स्टड मुकाट्यानं निघाला. त्यांनी तो तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला.

“हे तुला रोज करावं लागतं?”

“रोज याहून अवघड असतं.”

त्यांनी पुढच्या स्टडकडे बोट करून हळूच विचारलं, “हा आधी तापवायचा का गं?”

अकरा वर्षांत त्यांनी मला माझ्या कामाबद्दल विचारलेला हा दुसरा प्रश्न. पहिला मिनिटभरापूर्वीचा.

मी गॅसची बत्ती पेटवली. भाऊजींनी हेड धरलं, मी सांगितलं तेव्हाच तेल सोडलं. संध्याकाळपर्यंत सहा स्टड सुखरूप निघाले. शेवटचा मोडला, माझ्याच हातून.

भाऊजींनी दुःखी चेहरा करायचा मनापासून प्रयत्न केला. जमला नाही.