सोमवारचा होकार

दर सोमवारी उठल्यापासून दुपारी महादेवाला बेल वाहून येईपर्यंत मी बोलत नाही. सासूबाईंनी दिलेला नेम आहे. लग्नानंतरच्या पंचवीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. घरात सगळ्यांना सवय झालेली. पाहुणा आला तर मी हात जोडते, तो समजून घेतो. आमचे मालक, उत्तरेश्वर, हसून म्हणतात, "सोमवारी घर लई शांत असतंय बघा."

ते साल दुष्काळाचं. मे महिन्यात चौसाळ्याकडच्या आमच्या गावात पाणी टँकरनं येत होतं आणि जनावरं गावाबाहेर चारा छावणीत होती. आमची एकुलती एक कावेरी बीएस्सी अ‍ॅग्री करून एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसली होती. पुण्याच्या कॉलेजात तिची जागा पक्की झाली. मालकांचे धाकटे भाऊ पुण्यातच असतात. सकाळची एसटी धरली की दुपारी माणूस पोचतो. दुसरी संस्था गुजरातेतली. सहकारी संघ कसे उभे करायचे, कसे चालवायचे, हेच तिथं शिकवतात. तिथं नाव वेटिंगला.

"वेटिंगचं काय खरं न्हाई," मालक म्हणाले. "पुणंच बरं. काकाचं घर हाय, जेवायची आबाळ न्हाई."

"बरं दादा," कावेरी म्हणाली. बापाला ती दादाच म्हणते.

तिचं मन कुठं आहे ते मला ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात गावचं दूध इतकं आटलं, की डेअरीची गाडी यायची बंद झाली. छबुबाईंच्या महिला दूध संस्थेला कुलूप लागायची वेळ आली. तेव्हा कावेरीनंच तीन गावं हिंडून तिन्हीकडचं दूध एका ठिकाणी आणायचं ठरवलं. गाडी पुन्हा आली, त्या पहाटे हॉर्न ऐकून पोरगी अनवाणीच पळत गेलती.

पण खरं सांगते, मलाही पुणंच हवं होतं.

असाच एक सोमवार. अकरा वाजून गेले होते. कावेरी छावणीवर होती. तिथं वीज नाही म्हणून तिचा फोन घरी चार्जिंगला. तो दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा मी नुसता उचलून कानाला लावला.

"कावेरीजी? वेटिंग लिस्ट में आपका नंबर आ गया है. बारह बजे तक मेल से हाँ भेज दीजिए, नहीं तो सीट अगले को जाएगी. आ रही हैं ना?"

मी गप्प.

"हॅलो? आवाज नहीं आ रही. रखता हूँ."

तेवढ्या एका क्षणात मला सगळं दिसलं. मी बोलले नाही, तर कुणी मला बोल लावणार नव्हतं. सोमवार होता, माझा नेम सगळ्या गावाला माहीत. पोरगी पुण्याला गेली असती, सणावाराला घरी आली असती. देवाच्या नावानं गप्प बसून मला हवं ते मिळणार होतं. त्याचीच मला भीती वाटली.

"ठैरो, सायेब!" माझाच आवाज मला ओळखू आला नाही. शेजारच्या आमिनाबीच्या संगतीनं आलेली हिंदी तोंडात होती, तीच बाहेर पडली. "रखो नक्को. आती ना वो! मैं उसकी माँ बोलती. बारा के अंदर भेजती."

फोन मुठीत धरून छावणीवर गेले. उन्हानं पाय भाजत होते. कावेरी बायकांना पेंड मापून देत होती.

"कावेरी!" मी हाक मारली.

तिच्या हातातलं माप खाली पडलं. "आई? तू बोलतीस? कोण गेलं गं?"

"आगं बया, मालक बरे हायत ना?" छबुबाई उठूनच उभ्या राहिल्या.

"समदे बरे हायत. तुझी गुजरातची जागा आलीय. बारापर्यंत हो म्हणायचंय."

ती फोनकडं बघत राहिली. "दादाला काय सांगायचं?"

"त्ये मी सांगते."

"आन तुला? मी एवढं लांब जावं वाटतंय तुला?"

"न्हाई वाटत," मी म्हणाले. "पन जा."

"तोंडाकडं काय बघतीस?" छबुबाई ओरडल्या. "सोमवारची तुजी आय बोलली! आता काय महादेव सोता यावा व्हय सांगायला?"

छावणीत रेंज फक्त शेजारच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीवर. कावेरी जिना चढून गेली, खाली आम्ही सगळ्या वर बघत उभ्या. बाराला अकरा मिनिटं कमी असताना तिनं वरून हात हलवला. छबुबाईंनी मला मिठीच मारली. या बायकांनी माझ्या पोरीच्या शब्दावर विश्वास टाकला नसता, तर ती असलं काही शिकायला निघाली असती का? त्यांचे उपकार कुठं ठेवू?

तिथून बेल घेऊन देवळात गेले. नेम मोडल्याची माफी मागायची होती. पण पिंडीपुढं बसले आणि माफीचे शब्दच येईनात. "वेळेवर बोलतं केलंस रे बाबा," एवढंच म्हणत राहिले.

घरी मालकांना सगळं सांगितलं.

"पंचवीस वर्सांत येका सोमवारी माझ्याशी बोलली न्हाईस," ते म्हणाले, "आन त्या गुजरातच्या सायबाशी बोललीस व्हय!"

मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत. चपला घालून दारापर्यंत गेले.

"कुठं निघालात?"

"आमिनाबीच्या वाहेदकडं. तो कापड आणायला सुरतेला जातोय ना. रेल्वे कुठून धरायची, इचारून येतो."