ओल्या दगडाची जागा

यंत्र आडवे करून मरुदाचलमने तळाचे चार स्क्रू काढले, पत्रा उचलला आणि त्याचा हात तसाच थांबला. आतला पट्टा तुटलेला होता, परंतु तो झिजून तुटलेला नव्हता. झिजलेल्या पट्ट्याच्या टोकाशी धागे सुटतात, कडा काळ्या पडतात, रबराचा चुरा तळाशी साचतो. येथे यांपैकी काहीच दिसत नव्हते. पट्ट्याची दोन्ही टोके भोपळ्याच्या फोडीसारखी स्वच्छ होती.

कोइमतूर शहराच्या सिंगानल्लूर भागात तीस वर्षे तो इडलीचे पीठ वाटायचे ग्राइंडर दुरुस्त करीत होता. लोक त्याला मेस्त्री म्हणत. यंत्राच्या आवाजावरून त्याचा आजार ओळखणारा माणूस, असा त्याचा लौकिक होता. त्याने मान वर करून घराच्या मालकिणीकडे पाहिले. एकोणसत्तर वर्षांच्या नंजम्माळ स्वयंपाकघराच्या फरशीवर विळी मांडून पडवळ चिरत बसल्या होत्या.

"घरात उंदीर झालेत का, अम्मा?" त्याने विचारले. समोरच्या माणसाला उत्तर देणे सोपे जावे, म्हणूनच त्याने हा प्रश्न निवडला होता.

"उंदीर नाहीत," नंजम्माळ म्हणाल्या. पडवळाची एक चकती खाली पडली, मग दुसरी. "मीच कापला. ह्याच विळीनं."

"आणि यंत्र उलटं कुणी केलं?"

"खाली घोंगडी टाकली नि लोटलं. स्क्रू पाच रुपयांच्या नाण्यानं फिरले."

मरुदाचलमने यंत्राकडे पाहिले. वाटायच्या दोन दगडांसकट त्याचे वजन तेरा किलोच्या खाली नव्हते. नंजम्माळचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे त्याने दार उघडतानाच पाहिले होते. वरची कडी त्यांनी डाव्या हाताने काढली होती. एवढे वजन एकट्याने कसे ढकलले, असे त्याने विचारले.

"एकदाच करायचं होतं, मेस्त्री. दगड दर तिसऱ्या दिवशी उचलावा लागतो."

त्यानंतर त्यांनी जे सांगितले, ते विळीवरचा हात न थांबवता, आणि दुसऱ्याच कुणाच्या घरची हकीकत सांगावी तसे सांगितले. त्यांचा मुलगा कदिरवेल पंपांच्या ओतकामाच्या कारखान्यात फोरमन होता. सून पूंगोडी वीज खात्याच्या कचेरीत जात असे. मुलाचा आईवर जीव होता, याविषयी नंजम्माळना तिळमात्र शंका नव्हती. अडचण त्याच्या मायेतूनच निघाली होती. आईच्या तोंडून दुखण्याचा शब्द निघाला, की आठवडा उलटायच्या आत ओट्यावर एक नवे यंत्र येत असे.

"गुडघा दुखतो म्हणाले, तर पोळ्या दाबायचं यंत्र आणलं. गॅसपाशी चक्कर येते म्हणाले, तर तेलाशिवाय तळायचं आलं. झोप लागत नाही म्हणाले, तर ते बघा, अंडी उकडायचं."

मरुदाचलमने ओट्याकडे पाहिले. खोबरे खवायचे, शेवया पाडायचे, रस काढायचे, पाव भाजायचे, अशी एकूण आठ यंत्रे खांद्याला खांदा लावून उभी होती. प्रत्येकावर शिवलेले फुलाफुलांचे कापड होते. ओट्यावर ताट ठेवण्याइतकीही जागा मोकळी नव्हती. दुखऱ्या गुडघ्याची बाई खाली बसून भाजी का चिरते, याचा उलगडा त्याला आता झाला.

ओट्यावरच्या यंत्रांविषयी त्याचे एक ठाम मत होते आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तो ते समजावून सांगत असे. ज्या यंत्राला धुण्यापुसण्यास जितका वेळ जातो, त्याहून अधिक वेळ ते वाचवीत नसेल, तर ते ओट्यावरचा पाहुणा होय. त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा. त्याच मापाने पाहून तो म्हणाला, की या सगळ्यांत आपली जागा कमावलेले असे हे ग्राइंडर एकच आहे.

"म्हणून तर कापलं," नंजम्माळ म्हणाल्या. "बाकीची नुसती पुसून ठेवता येतात. हे खरंच चालवावं लागतं."

त्यांचा यंत्रावर राग नव्हता. सासूच्या काळात मागल्या अंगणातल्या रगड्यावर दोन-दोन तास वाटण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. एकोणीस वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला हे ग्राइंडर घरात आले, तेव्हा त्यांनी त्याला चंदन-कुंकू लावून खरोखरीच नमस्कार केला होता. तेव्हा त्यांचे दोन्ही हात शाबूत होते. वाटण्याचे काम यंत्राने घेतले. दगड काढण्याचे, धुण्याचे आणि पुन्हा बसवण्याचे काम मात्र त्यांच्याकडेच राहिले. सुनेने पाकिटातले तयार पीठ आणावे, असे दोनदा सुचवले होते. कदिरवेलने ते उडवून लावले. आईच्या हातच्या पिठाची इडली सोडून बाहेरचे पीठ तो तोंडात घालणार नव्हता.

"कदिर जेवायला येईलच आता. त्याला सांगा, हे मेलं. तुमचा शब्द तो मोडायचा नाही. आडी महिना लागलाय, त्यात नवं काही घेत नाहीत, आणि दगडाची वस्तू तर आम्ही आयुधपूजेशिवाय घरात आणत नाही. दोन-तीन महिने पाकिटाचं खाल्लं, की सवय लागेल त्याला."

खांद्याचे त्याला सरळ का सांगत नाही, असे मरुदाचलमने विचारले.

"सांगितलं, तर नववं येईल."

पूर्वी मरुदाचलम एका मोठ्या दुकानात कामाला होता. दुरुस्तीला आलेली जुनी यंत्रे मेली म्हणून सांगावे, म्हणजे नवी खपतील, असा तेथील मालकाचा आग्रह होता. त्याने ती नोकरी सोडली आणि मोपेडवर हत्यारांची पेटी बांधून दारोदार फिरू लागला. चालणाऱ्या यंत्राला मेले म्हटले नाही, एवढीच त्याची तीस वर्षांची मिळकत होती. ती आज या स्वयंपाकघरात टाकून द्यावी लागणार होती. नाहीतर या बाईचा खांदा दर तिसऱ्या दिवशी तसाच राबणार होता. तिसरा मार्ग त्याला दिसत नव्हता. बाहेर मोटारसायकल थांबली. त्याने कापलेला पट्टा गुंडाळून पेटीच्या तळाशी सरकवला. निदान तेवढे त्याच्या हाती होते.

कदिरवेल आत आला, तो हात न धुताच यंत्राजवळ बसला. पंचेचाळिशीचा, भरदार छातीचा, तोंडाने गोड माणूस होता.

"अण्णा, वाचेल ना? नाही म्हणू नका. आमच्या घरातलं हेच एक अम्मासारखं जुनं आहे."

नंजम्माळनी मान वर केली नाही.

"पट्टा गेलाय," मरुदाचलम म्हणाला. "यंत्र ठणठणीत आहे."

विळीवरचा हात थांबला. मग पडवळाची पुढची चकती पडली, पण ती आधीच्या चकत्यांपेक्षा जाड होती.

नवा पट्टा बसवायला दहा मिनिटे लागली. त्यानंतर मरुदाचलमने आतले दोन्ही फिरते दगड काढून बोटाने चाचपले. ते गुळगुळीत झाले होते, हे मात्र खरेच होते. टाकी द्यावी लागेल, असे सांगून तो छिन्नी-हातोडा घेऊन मागल्या दारी बसला. दगडावर टाकीचे बारीक घाव घालत असताना त्याला स्वयंपाकघरातले बोलणे ऐकू येत होते. तळायच्या यंत्रात पडवळ का करत नाहीस, असे मुलगा विचारत होता आणि उद्या करीन, असे आई सांगत होती. अर्ध्या तासाने तो दगड घेऊन आत आला, तेव्हा त्याच्या मनात एक नियम तयार झाला होता.

"तंबी," तो कदिरवेलला धाकट्या भावासारखी हाक मारून म्हणाला, "नव्या टाकीच्या दगडात कच असते. मूठभर तांदूळ तीनदा वाटून फेकायचे, दर खेपेला दगड काढून धुवायचा. आणि पहिले तीन हात घरच्या कर्त्या पुरुषाचे लागतात. बाईचा हात आज नाही चालायचा."

तीनदा वाटून फेकणे हे खरे होते. पुढचे सारे त्याने मागल्या दारी रचले होते. आयुष्यात प्रथमच तो दगडाच्या नावाने खोटे बोलला आणि आपला आवाज बदलला नाही, याचे त्याला आश्चर्य वाटले.

कदिरवेलने हौसेने बाह्या सारल्या. पहिल्या खेपेला तो आपल्या ओतकामाच्या गप्पा सांगत होता. तांदूळ वाटले गेल्यावर त्याने दगडांची जोडी एका हाताने उचलू पाहिली. पीठ दगडाला सोडीना. त्याने दुसरा हात लावला. मग जोडी नळाखाली धरायची, फटींतले पीठ बोटाने काढायचे, भांडे उचलून पालथे करायचे, धुवायचे, पुन्हा बसवायचे. दुसऱ्या खेपेला त्याच्या गप्पा बंद झाल्या. तिसऱ्या खेपेला शर्ट पाठीला चिकटला होता. ओले, निसरडे, थेंब गाळणारे दगड छातीशी धरून तो ओट्यापुढे उभा राहिला आणि इकडेतिकडे पाहू लागला.

"अम्मा, धुतल्यावर हे कुठं ठेवतेस तू?"

एकोणीस वर्षे या दगडाच्या इडल्या खाल्ल्या आणि तो कुठे राहतो हे ठाऊक नाही, असे मरुदाचलमच्या मनात आले. पण त्याने पेटीतले स्क्रू निवडण्याकडे लक्ष ठेवले.

"ठेवायला जागा कुठंय?" नंजम्माळ म्हणाल्या. "पुसून वाळेपर्यंत मांडीवर घेऊन बसते."

"आणि उचलतेस कसं?"

"डाव्या हातानं. उजवा वर जात नाही."

"कधीपासून?"

"मागच्या आडीच्याही मागची आडी."

दगडांतून पाणी कदिरवेलच्या पायांवर ठिबकत होते. मग त्याचा चेहरा एकाएकी उजळला. आपोआप कलणारे, दगड उचलावाच न लागणारे एक नवे ग्राइंडर निघाले आहे, ते आपण मागवून टाकू, आडी गेली खड्ड्यात, असे तो म्हणाला. दगड छातीशी धरूनच त्याने कोपराने खिशातला फोन चाचपला.

"ठेवाल कुठं, तंबी?" मरुदाचलमने विचारले.

कदिरवेलने ओट्याकडे पाहिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने ओटा पाहिला आणि मग परत पाहत आला. या खेपेला प्रत्येक यंत्रापाशी त्याची नजर थोडी थांबत होती, आणि आपण ते कशासाठी आणले होते, हे त्याला आठवत असावे. शेवटी त्याने दगड मेस्त्रीच्या हाती दिले, पोळ्यांचे यंत्र उचलून माळ्यावर टाकले, त्यामागून अंडी उकडायचे टाकले, आणि मोकळ्या झालेल्या हातभर जागेत ओले दगड आणून ठेवले.

"परवा मी सहाला येतो," तो आईकडे न पाहता म्हणाला. "तू नुसतं भिजवून ठेव."

नंजम्माळनी विळी आडवी केली. "आधी उडीद. तांदूळ मागून," त्या म्हणाल्या. "थंड पाणी शिंपडत राहायचं. पीठ तापलं, तर फुगायचं नाही. राहील ध्यानात?"

दारापर्यंत त्या मरुदाचलमला पोचवायला आल्या. तीन हातांचा नियम आपण कधी ऐकला नव्हता, असे त्या हळूच म्हणाल्या. आमच्या भागात आहे, असे त्याने सांगितले.

"तुमचा भाग म्हणजे पलीकडची गल्लीच ना?" नंजम्माळ म्हणाल्या आणि डाव्या हाताने त्यांनी दाराची कडी लावून घेतली.

दिवेलागणीच्या सुमारास मरुदाचलम घरी पोचला. त्याची पत्नी तुळसीमणी हिने पीठ वाटायला टाकले होते. त्याच्या घरचे ग्राइंडर त्याने स्वतः जोडलेले होते, आणि त्या यंत्राचा आवाज ऐकत भिंतीला टेकून बसणे ही त्याची रोजची विश्रांती होती. दगड एकसारखा फिरतो आहे, पट्टा ताणात आहे, मोटार तापलेली नाही, हे सगळे त्याला बसल्या जागी कळत असे. यंत्र थांबले. तुळसीमणी उठली. तिच्याआधी तो उठला.

"का हो? आवाज वेगळा येत होता का?" तिने विचारले.

"नाही."

"मग पट्टा गेलाय?"

"काही गेलं नाही. तू बस."

त्याने दगड वर ओढले. पिठाने ते धरून ठेवले होते. मनगटाला एक हिसका बसला. नळाखाली धरून त्याने फटी धुतल्या. हजारो स्वयंपाकघरांत त्याने हे दगड काढले होते, बसवले होते, टाकी देऊन परत केले होते. धुणे मात्र नेहमी त्या त्या घरच्या बाईने केले होते. पाणी निथळू लागले, तसा तो दगड घेऊन वळला. ओट्यावर पाहिले, कोनाड्यात पाहिले, खिडकीच्या कट्ट्यावर पाहिले.

तुळसीमणी दारात उभी होती. करायला काही नसल्यामुळे ती कोरडेच हात पदराला पुसत होती.

"कुठं ठेवायचे हे?" त्याने विचारले.

तिने हनुवटीने मागल्या पायरीकडे खूण केली. पायरीवर चार पदरी घडी घातलेला एक जुना पंचा होता. त्याचा मूळ रंग ओळखू येत नव्हता आणि त्याच्या मधोमध, शेजारी शेजारी, दोन गोल खळगे पडलेले होते. मरुदाचलम खाली वाकला. दगड त्या खळग्यांत बरोबर बसले.