आबाजी भंगार गोळा करतात

टण्ण! भर दुपारच्या शांततेत मोरीवरचा तेलाचा रिकामा डबा घरंगळला आणि आत्ताच कुठे डोळा लागलेला सखा टक्क जागा झाला.

"संपली माझी दुपार!" त्याच्या आईनं, जनीनं, कपाळाला हात लावला.

डब्याचा तरी काय दोष? तीन आठवडे मोरीत डबे, बाटल्या, फुटकी बादली नुसती साठत होती. कर्जतच्या त्या वसाहतीत भंगार न्यायला धोंडूबाई यायची. बदल्यात कांदे द्यायची. पण वसाहतीचे नवे चिटणीस आबाजी यांनी तिला फाटकाबाहेर काढलं. "अनोळखी बाई आत नको," म्हणे! अकरा वर्षं येणारी बाई एका सहीत अनोळखी झाली. तिची चूल पेटायची ती याच चाळीस घरांवर. आता बिचारी रिकामी पाटी घेऊन फाटकाशी बसून असायची.

आणि भंगार? ते आबाजी जातीनं गोळा करणार होते. आलेच. डोक्यावर टोपी, काखेत वही, पुढ्यात हातगाडी.

"रहिवाशांनी आपापल्या रिकाम्या बाटल्या सादर कराव्यात!"

एक खिडकी उघडेल तर शपथ. सख्याला कडेवर घेऊन जनीच बाहेर आली.

"बादलीचं काय द्याल, आबाजी?"

"पावती."

"धोंडूबाई कांदे द्यायची."

"अहो, पावतीवर शिक्का आहे!"

"मग शिक्क्याची भजी तळू का?"

तेवढ्यात शेजारच्या आनंदीबाई लाटणं उगारून धावत आल्या. त्यांनी उन्हात वाळायला ठेवलेला तांब्याचा हंडा गायब होता आणि जागेवर दगडाखाली एक पावती फडफडत होती. हंडा निघाला हातगाडीत.

"काळा होता, म्हणून मला वाटलं..." आबाजी पुटपुटले.

"चुलीवरचा हंडा काळा नाही तर काय गोरा असतो? अकरा वर्षांत धोंडूबाईनं धडकं भांडं उचललं नाही कधी!"

बघता बघता बायका जमल्या. धोंडूबाई आत येईपर्यंत कुणी टाचणीसुद्धा देणार नाही, असं ठरलं. लाटण्याकडे बघत आबाजींनी लगेच मान डोलावली आणि सगळी वरात फाटकाशी गेली.

"ये बाई आत," आबाजी म्हणाले.

धोंडूबाई जागची हलली नाही. "आज या म्हनता, उंद्या परत हाकलाल. मला कागूद द्या."

आबाजींनी वही उघडली. नाव लिहिलं, गाव लिहिलं.

"काय लिवलं? वाचून दावा."

"धोंडूबाई. राहणार पोशीर. काम, काही नाही."

"काय नाय? आवं, मग उन्हातान्हात मी काय हवा खात हिंडते?"

"बरं, भंगारवाली लिहू?"

"कामगार लिवा. गिरनीतल्यांना लिवतात ना, तसं."

आबाजींनी लिहिलं. शिक्काही हाणला, जरा जोरातच. धोंडूबाईनं कागद घडी करून कमरेला खोचला, पाटी डोक्यावर घेतली आणि ऐटीत आत शिरली.

कडेवरच्या सख्यानं जनीची हनुवटी आपल्याकडे वळवली.

"आई, तूपण दिवसभर काम करतेस ना? मग तुझ्या कागदावर काय लिहिलंय?"