बऱ्या दिवसाची साक्ष

या, असे जवळ सरका. लांब बसलात तर ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचायची नाही, कारण हिच्यात मोठा आवाज कुठेच नाही. रडणं आहे, पण तेही उशीत तोंड खुपसून केलेलं. राजाराणीची नाही, साधुपुरुषाचीही नाही. चादरींच्या घड्या घालणाऱ्या दोन सख्ख्या जावांची गोष्ट सांगते. आणि आधीच सांगून ठेवते, शेवट गोड नाही. सगळंच गोड असतं तर देवाचं दार वाजवायला कोण गेलं असतं?

शहराच्या कडेला एक मोठी लॉन्ड्री होती. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी तिथे यायच्या. लॉन्ड्रीला दोन बाजू, ओली आणि कोरडी. ओल्या बाजूला धुलाईची मशीनं. पाणी पिऊन मढ्यासारखे जड झालेले चादरींचे पिळे ओढून काढायचे, ट्रॉलीत टाकायचे, ट्रॉली ढकलायची. पायात गमबूट आणि हाडापर्यंत गारठा. कोरड्या बाजूला गरम रोलर. त्यातून चादर सपाट होऊन बाहेर यायची आणि पुढे उभी असलेली जोडी ती झेलायची. एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकटीनं होत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागं सरायचं, एक जोराचा झटका द्यायचा म्हणजे कापड ताठ होतं, मग एकमेकींकडे चालत येऊन कोपऱ्याला कोपरा भिडवायचा. दिवसभर हेच. कोण आज घरी भांडून आलंय, कुणाच्या अंगात कणकण आहे, हे समोरचीला न विचारता त्या कापडातूनच कळायचं.

दोघी जावांची तिथे जोडी होती. धाकटीला सगळे हळूबाई म्हणायचे. पूर्वी हे नाव नव्हतं. पूर्वी ती अशी झपाट्याची, की थोरली म्हणायची, "अगं, जरा दमानं. तुझ्या वाऱ्यानं मला पडसं होईल."

मग दुखणं आलं. एका जागी असतं तर त्याची समजूत घालता आली असती. पण ते आज मानेत, उद्या मांड्यांत, परवा तळहातांत. रात्रभर झोपून सकाळी अंग असं, की कुणीतरी बदडून ठेवलंय. कुणी प्रेमानं खांद्यावर हात ठेवला तरी डोळ्यांत पाणी. मधेच डोक्यात धुकं उतरायचं. हातात कंगवा धरून ती घरभर कंगवा शोधायची. तपासण्या झाल्या, रक्त झालं, फोटो झाले. सगळं स्वच्छ. नवरा म्हणाला, "रिपोर्ट एवढे चांगले आलेत, मग तोंड का पाडतेस?" त्याचं चुकलं असंही नाही. कागदावर नसलेलं दुखणं बिचाऱ्यानं बघायचं कुठे?

शेवटी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं, जागोजाग दाबून पाहिलं आणि नाव सांगितलं. फायब्रोमायल्जिया. थोरली ऐकून म्हणाली, "नाव केवढं लांबलचक, आणि दाखवायला साधा एक फोड नाही." लॉन्ड्रीचा मुकादम म्हणाला, "फायबर म्हणजे खुर्च्यांचं असतं तेच ना?"

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दुखणं खरं आहे. पूर्ण जाईल असं मी सांगत नाही. पण त्याच्याबरोबर राहता येतं."

"भाडेकरू ठेवल्यासारखं?" हळूबाईनं विचारलं.

"पाहुणा ठेवल्यासारखं. जायचं नाव न घेणारा. त्याच्याशी रोज भांडायचं नाही आणि घरही त्याच्या नावावर करायचं नाही. आणि एक, थकल्यावर बसू नका, थकायच्या आधी बसा. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करून काय उपयोग?"

ते तिनं मनावर घेतलं. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात हात बुडवून बसायची, बोटं उघडेपर्यंत. मग बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला धरून सावकाश फेऱ्या. जड भांडी खालच्या फळीवरून ओट्यावर आली. हात वर जाईना म्हणून तिनं केस कापून टाकले. नवरा दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी सवयीनं विसरला. झोपायची वेळ ठरली ती ठरली, दारात कुणीही येवो. आणि दिवा मालवण्याआधी एकच मागणं: "देवा, सोसायला दिलंस, सोसते. सोसायला थोडी जागा तेवढी दे."

जागा मिळाली, ती कामावरच. रोलरजवळ एक स्टूल. दोन गठ्ठ्यांच्या मधे ती त्यावर टेकायची. आणि झटक्याचं दोघींनी असं ठरवलं, की झटका थोरलीनं द्यायचा, हिनं नुसते कोपरे घट्ट धरायचे. झटका अंगावर आला की हिच्या खांद्यांतून कळ थेट कानापर्यंत जायची, ती थोरली आपल्या दंडावर घेऊ लागली. रोलरमधून आलेली चादर ऊन ऊन असायची. थोरली म्हणायची, "घे, धर पोटाशी. तुला फुकटचा शेक." आशा म्हणजे फार मोठं काही नसतं हो. कोरडी बाजू, एक स्टूल, आणि समोर आपलं माणूस. एवढ्यावर ती बाई दिवस ढकलत होती, आणि चांगली हसून ढकलत होती.

मग ओल्या बाजूची एक जण काम सोडून गेली.

मुकादम जावांपाशी आला. "तुमच्या जोडीचं काम सगळ्यांत कमी निघतं. मालक बघायला येणार आहेत. हात भराभर चालवलात तर जोडी राहील, नाहीतर मोडावी लागेल. एक जण तिकडे."

"तिकडे ही मरेल," थोरली म्हणाली.

"मरायचं कुणी सांगितलंय? घड्या घाला भराभर."

हळूबाई घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "ओल्या बाजूला टाकलं तर माझं काम संपलं." तो म्हणाला, "बघू, इतक्यात कशाला?" ह्या "बघू"नं जगात किती संसार चाललेत आणि किती बुडालेत, देवच जाणे.

मालक यायच्या आदल्या दिवशी तिनं सगळी पथ्यं पाळली. लवकर जेवली, शेक घेतला, अंथरुणाला पाठ टेकली. आणि सकाळी जाग आली तर अंगात दुखणंच नाही. ती तशीच पडून राहिली, हलली तर परत येईल म्हणून. मग एक हात उचलला. दुसरा उचलला. उठून बसली. डोकं लख्ख. तुम्हाआम्हाला असा दिवस म्हणजे नुसता मंगळवार. तिला तो म्हणजे बंद खोलीचं दार कुणीतरी उघडं विसरून गेल्यासारखा. ती देवाला म्हणाली, "आजच? बरोबर आजच दिलास?" आणि उशी ओढून तिच्यात तोंड खुपसून रडली.

असा दिवस आला की ह्या दुखण्याची माणसं एक चूक करतात, जी दुसऱ्या कुणाला करायला जमायची नाही. बरी झाल्यासारखी वागतात.

त्या दिवशी ती स्टुलाकडे फिरकली नाही. पहिल्या चादरीलाच झटका हिनं दिला. थोरली दचकली. "अगं, जपून."

"आज चालतंय, ताई."

"चालतंय म्हणून पळू नकोस."

"पळू द्या ना. किती दिवसांनी पाय आठवलेत."

ती गुणगुणत होती. गठ्ठ्यावर गठ्ठे लागत होते. बाजूच्या जोड्या हात थांबवून बघू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "हळूबाईला पंख फुटले." थोरली एकेका घडीला कोपरे भिडवताना तिच्या तोंडाकडे बघायची. हळूबाईला वाटत होतं, आपण जोडी वाचवतोय.

मालक आले. शांत माणूस, शर्टाच्या खिशात चष्मा. थोडा वेळ उभे राहून बघत होते. मग मुकादमाला म्हणाले, "ही धाकटी तगडी आहे की. हिलाच तिकडे घ्या. तिथे असेच हात लागतात."

मुकादम थोडा चाचरला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाला, "साहेब, ह्यांना काहीतरी दुखणं आहे म्हणतात. एरवी स्टुलावर बसून असतात."

"आज तर दिसत नाही."

"आज बरं आहे, साहेब," हळूबाई म्हणाली. "रोज असं नसतं."

मालकांनी ते ऐकलं, पण ज्याचं दुखणं त्यालाच कोण विचारतं? ते थोरलीकडे वळले. "तुम्ही रोज हिच्यासमोर उभ्या असता. तुम्ही सांगा. खरंच एवढं दुखत असेल तर मी हिला पाठवणार नाही. मला जबरदस्ती करायची नाही. मग तुम्ही या तिकडे. एक जण तर लागणारच."

चादर दोघींच्या मधे ताणलेली होती. थोरलीच्या बाजूनं ती जराशी सैल झाली. हळूबाईला ते हातातच कळलं, ऐकायच्या आधी.

"आज तर बरी आहे ती," थोरली म्हणाली. "तुम्ही बघताच आहात."

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. खोटं असतं तर हळूबाईला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिला उठता आलं नाही. एका दिवसात ती आठवड्याचं अंग वापरून बसली होती. तरी त्यापुढच्या दिवशी ती गेली, गमबूट घातले, पिळे ओढले. आशेवरच गेली बरं का. की मुकादम बघेल, दया येईल, परत बोलावेल. मुकादम बघायचा आणि मान दुसरीकडे वळवायचा. एका संध्याकाळी गमबूट काढायला ती वाकली आणि तिथेच बसून राहिली. बायांनी धरून घरी आणलं. काम सुटलं.

दोघी जावांची घरं एकाच मजल्यावर, समोरासमोर. रात्रीच्या जेवणाआधी थोरली गरम पाण्याची पिशवी घेऊन आली.

"कुठे ठेवू?"

"ठेवा कुठेही. सगळीकडे आहे."

थोरलीनं पिशवी पाठीशी ठेवली. तिच्या अंगावरची चादर सारखी केली. "मी खोटं बोलले नाही."

"नाही."

"मग तोंड का फिरवतेस?"

"मान वळत नाही म्हणून तोंड भिंतीकडे आहे, ताई. मुद्दाम फिरवायला एवढी ताकद आणू कुठून?"

थोरली खाटेच्या कडेला बसली. खाट हलली तशी धाकटी कण्हली. "बघ, मी बसले तरी तुला दुखतं," थोरली म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "इतकी वर्षं तुझा झटका माझ्या दंडावर घेतला. हात वर करून दोरीवर कपडा टाकता येत नाही मला. तुझ्या दुखण्याला नाव तरी मिळालं. माझ्या खांद्यांना कुणी विचारलं? त्या माणसानं विचारलं तेव्हा मला फक्त ते गमबूट दिसले. तू दिसली नाहीस."

"सांगायचं होतं मला."

"काय सांगणार? तू कण्हत होतीस. दोघींनी कण्हलं असतं तर चादर कुणी धरली असती?"

धाकटीला सगळ्यांत कडू घोट हाच. तिचा अपराधी तिच्या हाती सापडला होता आणि तिला त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

"पाणी निवलंय," ती म्हणाली. "जाताना दिवा घालवा."

आता हळूबाई घरी बसून एका शिंप्याच्या दुकानाची बटणं लावते. थोडी लावते, ठेवते, हात कोमट पाण्यात घालते, पुन्हा लावते. अजूनही कधीतरी तो बरा दिवस येतो. त्या दिवशी ती दुपारीच सुई ठेवून देते आणि हात मांडीवर घेऊन बसते. नवरा म्हणतो, "आज बरं आहे ना, मग पडदे धुऊन टाक की." ती म्हणते, "आजचा अर्धा दिवस उद्याला झाकून ठेवलाय." त्याला वाटतं, ही थट्टा करते. शहाणपण आलं खरं, पण ज्या दिवशी ते कामाला यायला हवं होतं, तो दिवस गेल्यावर आलं.

थोरली अजून रोलरवरच आहे. नवी जोडीदारीण तरणीताठी आहे, झटका असा देते की थोरलीचा खांदा निखळायचा राहतो. ती कुणाला सांगत नाही. आता कुठल्या तोंडानं सांगणार? सकाळी तिच्या दाराची कडी वाजते ती धाकटी ऐकते. दोघी बोलतात, पाणी आलं का, केराची गाडी गेली का. त्यापलीकडे नाही.

पण दिवा मालवण्याआधीचं धाकटीचं मागणं थोडं वाढलं आहे. "आणि समोरच्या दारातल्या खांद्यांकडे बघ," असं ती म्हणते. मनापासून म्हणते असं मी सांगणार नाही. पुष्कळदा दातओठ खाऊनच म्हणते. देवाला दोन्ही चालत असावं.

तेव्हा आज तुम्ही हात जोडाल, तेव्हा हळूबाईसाठी मागाच. तिचं दुखणं तुम्ही ऐकलंत, ती तुमच्या ध्यानात राहील. पण त्या थोरलीला विसरू नका. तिच्यासाठी मागणारं एकच माणूस आहे, आणि त्याची मान अजून तिच्याकडे वळत नाही.