उभा फोटो

माजिदा शेख फोटो काढते, पण लग्नातले नाही. ती लग्न ठरायच्या आधीचे काढते. स्थळांना पाठवायला मुलीचा एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण, असे दोन फोटो लागतात. पोरीला स्टुडिओत धाडायला नको आणि परका पुरुष घरात घ्यायला नको, म्हणून आधी विजापूर वेशीतल्या मुसलमान घरांतूनच तिला बोलावणं यायचं. मग एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि आता जुळे सोलापूरच्या सोसायट्यांपासून अक्कलकोट रोडच्या विणकर वस्तीपर्यंत तिची फिरती असते.

फिरती बसनंच. तिचा धाकटा भाऊ ताबीश घरी लॅपटॉपवर तिचे फोटो नीट करून देतो. त्यानं एकदा हौसेनं तिला जुनी स्कूटी घेऊन दिली होती. तिच्यावरून माजिदा चौथ्या दिवशी सात रस्त्याला पडली. गुडघा बरा झाला, लेन्स झाली नाही. तेव्हापासून सिटी बस, बस जात नाही तिथं सीटची रिक्षा, आणि रिक्षाही नसेल तर पाय. कॅमेऱ्याची बॅग ती भाजीच्या पिशवीत घालते आणि वर पेपर टाकते, म्हणजे कुणी काही विचारत नाही. बसमध्ये कॅमेरा बाहेर काढायचा नाही हा तिचा नेम. धूळ असते, गचके असतात, आणि मुख्य म्हणजे बसमधली माणसं फोटोसाठी निघालेली नसतात.

लोकांच्या घरात ती फार रेंगाळत नाही. पोरीला खिडकीजवळ बसवायचं, ओढणी सारखी करायची, आईला थोडा वेळ आत पाठवायचं, काम उरकायचं, चहा घ्यायचा आणि निघायचं. पुढं लग्न जमलं की मोडलं याची चौकशी ती करत नाही. एकोणिसाव्या वर्षी तिचाही असा फोटो काढला होता. तो चार-पाच घरं फिरून परत आला. नंतर वडील गेले, ताबीश लहान होता, आणि तो विषय मागं पडला. त्याचं तिला काही वाटत नाही; निदान कुणी विचारलं तर ती तसं सांगते.

उन्हाळ्याच्या तोंडाला जुळे सोलापुरातून विजयमालाबाईंचा फोन आला. मूळचे वैरागचे लोक, नवरा जिल्हा परिषदेत क्लार्क, पहिल्या मजल्यावर फ्लॅट. मुलगी शिवलीला बी. फार्म. झालेली, सात रस्त्याजवळच्या एका मेडिकलमध्ये कामाला. माजिदा गेली तर दार शिवलीलानंच उघडलं, आणि माजिदाला मान वर करावी लागली. पोरगी पाच फूट दहा इंच होती. माजिदा तिच्या खांद्याला जेमतेम लागत होती.

विजयमालाबाईंनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज खाली केला.

"ताई, तुम्ही बघितलंच. आमच्यात एवढ्या उंचीची पोरं कुठनं आणायची? तुम्ही असं करा, तिला बसवूनच काढा. दारापाशी नको, कपाटापाशी नको. शेजारी काही असलं की उंची कळते."

"पूर्ण फोटो मागतात, वहिनी."

"बसून पूर्ण येतो की."

माजिदानं वाद घातला नाही. गिऱ्हाईक मागेल तसं द्यायचं. तिनं शिवलीलाला सोफ्यावर बसवलं. गुडघे फार वर येत होते, म्हणून पाय तिरके करून ठेवायला सांगितले. साडी मोरपंखी होती, चेहरा छान होता, डोळे हुशार होते. फोटो चांगले आले. शिवलीला सांगेल तशी बसली, सांगेल तेव्हा हसली, आणि शेवटी म्हणाली, "मावशी, मी उठले की हे सगळे फोटो खोटे."

"फोटो खोटा नाही. तू बसलीच आहेस ना," माजिदा म्हणाली आणि पिशवी आवरली.

दोन महिन्यांनी विजयमालाबाईंचा परत फोन आला, आणि या वेळी त्या रागावलेल्या होत्या. फोटो बघून बार्शीकडचे लोक आले होते. पोरगी पोहे घेऊन आत आली तशी मुलाची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं बाई, ही तर दाराच्या चौकटीला लागती की." पोरगं खाली मान घालून पोहे खात बसलं. निघताना कळवतो म्हणाले, ते कळवलंच नाही. त्याच्या आधी एक आणि नंतर एक, दोन स्थळं अशीच गेली.

"फोटोत बघून येतात आणि इथं आल्यावर फसल्यासारखं तोंड करतात," विजयमालाबाई म्हणाल्या. "तुम्ही या आणि दुसरे काढा. जरा कमी दिसंल असं काहीतरी करा. तुमच्या भावाला कॉम्प्युटरमध्ये येत असंल की."

"उंची कमी करता येत नाही, वहिनी."

"मग या तरी."

माजिदा गेली. शिवलीला कामाला निघायच्या तयारीत होती, साधा निळा कुडता, केसांची वेणी, खांद्याला डब्याची पिशवी. आईनं साडी काढून ठेवली होती, ती तिनं नेसलीच नाही. मायलेकींचं आधीच वाजलेलं दिसत होतं. वडील वर्तमानपत्र समोर धरून बसले होते आणि त्यांनी पान उलटलं नाही.

"मला उशीर होतोय. मावशी, तुम्ही बसनंच जाणार ना? चला, सोबत जाऊ," शिवलीला म्हणाली.

"अगं, फोटो?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"वाटेत काढतील."

माजिदाला यात पडायचं नव्हतं. पण फोटो काढायला म्हणून आली होती, आणि जिचा काढायचा ती जिना उतरत होती. ती मागोमाग उतरली.

बस आली ती भरलेली. जागा कुठली मिळायला. माजिदानं एका सीटच्या पाठीला धरलं. वरची दांडी तिच्या हाताला कधीच लागत नाही. आजूबाजूच्या बायका टाचा उंचावून, हात ताणून त्या दांडीला लोंबकळत होत्या. शिवलीलानं मात्र हात सहज वर टाकला, कोपर वाकलेलंच राहिलं, आणि ती घरात उभी असावी तशी उभी राहिली.

पुढच्या सीटवर पाटी मांडीवर घेतलेली एक म्हातारी तिच्याकडं बघत होती.

"लई उंच हाय की गं तू, बाई."

"व्हय आजी."

"माझं गठुडं तेवढं वरच्या फळीवर ठीव. मघापास्नं सांगतीया, कुणाचा हातच पोचंना."

शिवलीलानं एका हातानं गठुडं उचलून वर ठेवलं. मागून कुणीतरी म्हणालं, ताई, ती खिडकी अडकली आहे, वरून ढकला जरा. तिनं तीही ढकलली. वारं आत आलं, दोघी-तिघी बायका हसल्या, आणि म्हातारी म्हणाली, "आमच्यात असती तर घर शाकारायला शिडी लागली नसती." शिवलीला मोकळी हसली. सोफ्यावर सांगून हसली होती तसं नाही.

"आता काढा, मावशी," ती म्हणाली.

"इथं?"

"इथंच."

माजिदानं क्षणभर विचार केला. मग आजीला, शेजारच्या बायकांना विचारलं, फोटोत आलात तर चालेल का. आजी म्हणाली, काढ की, माझं डोईवरचं तेवढं नीट करती. माजिदानं पाठ खांबाला टेकली, पिशवीतून कॅमेरा काढला आणि बस थांब्यावर थांबून मधली माणसं उतरली तेवढ्यात तीन फोटो घेतले. दोन हलले. तिसऱ्यात शिवलीला डोक्यापासून चपलेपर्यंत उभी होती, हात दांडीवर, मान किंचित वाकलेली कारण छत जवळ होतं, आणि तिच्या भोवतीची सगळी बस तिच्या खांद्याखाली.

घरी ताबीशनं तो स्क्रीनवर मोठा करून पाहिला. "आपा, ये रिश्ते का फोटो है?"

"हौ."

"ऐसा निकालने को उन्होंने बोला?"

"लडकी बोली."

ताबीशनं काही दुरुस्त केलं नाही. उजेड तेवढा थोडा वाढवला. माजिदानं शिरस्त्याप्रमाणं फोटो आईच्या नंबरवर पाठवला आणि मुलीच्याही.

विजयमालाबाईंचा फोन दहा मिनिटांत आला. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "तुम्हाला मी काय सांगितलं होतं, आणि तुम्ही काय केलंत? बसमधली पोरगी कोण करून घेणार? तुमच्या पोटची असती तर असा काढला असता का?" माजिदानं ऐकून घेतलं. पोटची असती तर काय केलं असतं हे तिला खरंच सांगता आलं नसतं. "सोफ्यावरचे तुमच्याकडं आहेतच, वहिनी, तेच पाठवा," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर त्या सोसायटीतून आणि आसपासच्या दोन सोसायट्यांतून तिला बोलावणं येणं थांबलं. ताबीशची बायको झीनत म्हणाली, कायकू मध्ये पडायचं लोकांच्या. माजिदा म्हणाली, पडले नाही, बसमध्ये उभी होते.

पावसाळा गेला. माजिदाची कामं दुसऱ्या बाजूला चालू होती. बाळीवेस, कन्ना चौक, एकदा होटगी रोडला सलग तीन बहिणी. शिवलीलाची तिला आठवण येत नव्हती असं नाही, पण फोन करावा असंही वाटलं नाही.

दिवाळीच्या आधी सात रस्त्याला ती बसची वाट बघत उभी होती तेव्हा गर्दीत एक डोकं वर दिसलं. शिवलीला मेडिकलमधून सुटून येत होती. तिनं माजिदाला बघितलं आणि सरळ येऊन हात धरला.

"मावशी, जमलं माझं."

"छान झालं. कुठलं?"

"मोडनिंबचा आहे. अजिंक्य. हायवेला ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे त्यांचं."

बस आली, दोघी चढल्या, या वेळी बसायला मिळालं. शिवलीला गुडघे कडेला काढून बसली आणि सगळं सांगत गेली. आई सोफ्याचेच फोटो पाठवत होती. म्हणून शिवलीलानं आपलं आपण ठरवलं. बायोडाटावर मुलाचा नंबर असायचा. आईनं फोटो पाठवला की ती मागून बसमधला पाठवायची आणि खाली लिहायची, उंची पाच दहा आहे, चालत नसेल तर येऊ नका.

"किती जण आले नाहीत?"

"आधीचे चौघं. एकानं तर लिहिलं, फोटो छान आहे पण आमचा दरवाजा लहान आहे." ती हसली, पण थोडं थांबून. "त्या दिवशी रडले मी, मावशी. खोटं कशाला सांगू. वाटलं, आई म्हणते तसं बसून राहावं."

"मग?"

"मग हा आला. आईला घेऊन आला, म्हाळसाबाई त्यांचं नाव. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. चहा घेता घेता म्हणाल्या, पोरीपुढं आमचं पोरगं बुटकं दिसंल. आमच्या आईचा चेहरा पडला. आणि हा म्हणाला, 'दिसू दे की. फोटोत बघूनच आलोय.'"

"तेवढंच म्हणाला?"

"तेवढंच. मग वडलांशी बोअरच्या पाण्यावर बोलत बसला. जाताना मला विचारलं, त्या बसमध्ये म्हातारी कोण होती. मी म्हणाले, माहीत नाही, तिचं गठुडं वर ठेवलं. म्हणाला, चांगलं केलंस." शिवलीलानं खिडकीबाहेर बघितलं. "माझ्यापेक्षा तीन बोटं कमीच आहे तो. बघू, कसं होतंय. माणूस बरा वाटला."

माजिदाला हे ऐकून बरं वाटलं. नेमकं कशामुळं ते तिनं खोलात जाऊन पाहिलं नाही. पुढच्या थांब्यावर तिला उतरायचं होतं. शिवलीला म्हणाली, लग्नाला या, आणि माजिदा म्हणाली, येते. मार्गशीर्षात ती खरंच गेली, मोडनिंबच्या एसटीनं, झीनतला घेऊन. विजयमालाबाईंनी तिला पहिल्या पंगतीला बसवलं आणि आग्रहानं वाढलं. झाल्या गोष्टीचा विषय दोघींनी काढला नाही.

त्यानंतर जुळे सोलापुरातून फोन परत सुरू झाले, पण मागणी बदलली होती. विजयमालाबाई सगळीकडं सांगत होत्या, आमच्या शिवलीलाचं तर बसमधल्या फोटोवर जमलं, मीच म्हणाले होते नैसर्गिक काढा. आता प्रत्येक आईला बसमधला फोटो हवा होता. माजिदानं दोन-तीनदा नाही म्हणून पाहिलं. रेश्मा नावाच्या एका मुलीच्या आईनं फारच लावून धरलं तेव्हा एका रविवारी सकाळी ती गेली.

रेश्मा नटून थांब्यावर उभी होती, मोत्याचे कानातले, इस्त्रीची ओढणी. रविवारची बस, निम्मी रिकामी. ती चढली आणि दांडी धरून उभी राहिली, आईनं मोबाइलवर दाखवलेल्या फोटोत शिवलीला जशी होती तशीच, कोपर तसंच वाकवून. बस निघाली आणि गचक्यानं ती सीटवर आपटली. उठली, परत तशीच उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "ताई, जागा हाय की, बसा."

माजिदानं कॅमेरा डोळ्याला लावला. पोरगी दिसायला चांगली होती, उजेडही चांगला होता, आणि फोटोत काहीच नव्हतं. तिनं कॅमेरा खाली घेतला.

"तू रोज कामाला कशानं जातेस?"

"स्कूटीवर," रेश्मा म्हणाली. "सिटी बसमध्ये शाळेत असताना बसले होते, तेवढंच. कुठं धरायचं तेच कळत नाहीये मला."

"मग हे कशाला चाललंय?"

"आई म्हणाली म्हणून." ती ओशाळून हसली. "तुम्हाला कंटाळा आला का?"

"नाही. ये, बस."

दोघी शेजारी बसल्या. रेश्मानं कानातले काढून पर्समध्ये टाकले, टोचत होते म्हणाली, आणि मग आपल्या ऑफिसातलं, मैत्रिणींचं सांगत राहिली. माजिदा कॅमेरा मांडीवर तयार ठेवून ऐकत होती. आसरा चौकाच्या पुढं रेश्माच्या आईचा फोन आला.

"झाला का फोटो?"

"अजून नाही," माजिदा म्हणाली. "दुपारपर्यंत बघते."