दोष कवळीचा नव्हता

मी एक जुनी कवळी आहे. मित्रांनो, हसायला माझी हरकत नाही, फक्त तोंड मिटून हसा. तुमचे खरे दात दिसले की मला थोडे वाईट वाटते.

सध्या माझा मुक्काम एका शिवणयंत्राशेजारच्या फळीवर, झाकणाच्या वाटीत, पाण्यात असतो. एका बाजूला बटणांची बरणी आणि दुसऱ्या बाजूला धाग्यांची रिळे. शेजार चांगला आहे, पण बोलका नाही.

माझा जन्म एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत झाला. माझ्या मालकीणबाईंच्या हिरड्यांचा ठसा घेतला, त्यावरून प्लास्टरचा साचा केला आणि मेणात एकेक करून चौदा दात बसवले. मला घडवणारा कारागीर चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा टेबलभर शोधणारा माणूस होता. त्यामुळे माझ्या पुढच्या दोन दातांत जरा जास्तच फट राहिली. खालची कवळी, म्हणजे माझी धाकटी बहीण, माझ्यासोबतच तयार झाली. तिला जीभ जरा लागली की ती डळमळते, म्हणून या हकिगतीत तिची साक्ष मी काढणार नाही.

माझ्या मालकीणबाईंना सगळे टेलरबाई म्हणत. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचे शिवणयंत्र होते. शाळांचे गणवेश, पँटची उंची कमी करणे, फाटलेल्या चेन बदलणे ही कामे त्या करत. एका वेळी सात टाचण्या त्या माझ्यात धरत आणि सातही टाचण्या तोंडात ठेवून गिऱ्हाईकाशी बोलत. हे कौशल्य मी दुसऱ्या कुठल्याही तोंडात पाहिलेले नाही. अर्थात दुसऱ्या कुठल्या तोंडात मी गेलेलीही नाही.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. लोक त्यांना घड्याळवाले म्हणत. बाईंच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असे. घड्याळवाले मात्र दिवसाकाठी वीसेक शब्द बोलत, तेही मोजून मापून, एखादे बारीक चाक जागी बसवावे तसे.

टेलरबाई देवावर मनापासून विश्वास ठेवणाऱ्या होत्या. चर्चमध्ये मोठ्याने प्रार्थना करायची झाली की सगळे त्यांच्याकडेच बघत. मी तोंडात आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी त्यांना प्रार्थना करायला सांगितली. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे सर्वसमर्थ, सार्वकालिक, सदैव सोबत असणाऱ्या स्वर्गीय पित्या!"

प्रत्येक 'स'ला माझ्या फटीतून खणखणीत शिट्टी वाजली. तिसऱ्या शिट्टीला फाटकावरच्या पहारेकऱ्याचा कुत्रा कान टवकारून आत आला. बाकांच्या मधल्या वाटेने शेपूट हलवत थेट बाईंच्या पायाशी येऊन बसला आणि आमेन होईपर्यंत हलला नाही.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "बाई, प्रार्थनेने हरवलेले परत येतात हे मी इतकी वर्षं सांगत होतो. आज डोळ्यांनी पाहिलं."

दुसऱ्या दिवशी कारागिराने माझी फट बुजवली. कुत्रा पुढचे तीन रविवार आशेने येत राहिला.

घरी जेवणापूर्वीची प्रार्थनाही बाईच करत. तीत पोस्टमनच्या दुखऱ्या गुडघ्यापासून वर्तमानपत्रातल्या भूकंपापर्यंत सगळे येई. सूपवर साय धरे. घड्याळवाले एक डोळा उघडून सूपकडे बघत, पुन्हा मिटत आणि शेवटी "आमेन" म्हणत. त्यांच्या वीस शब्दांपैकी तो एक ठरलेला.

मग एका सकाळी, अकराच्या सुमाराला, घड्याळवाल्यांच्या चिमट्यातून एक चाक खाली पडले. त्यांच्या हातून कधी चाक पडत नसे. बाईंनी सातही टाचण्या तोंडातून काढल्या आणि हाक मारली, "अहो?"

घड्याळवाल्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसता आवाज आला, शब्द आला नाही.

तो पक्षाघात होता. पुढचे सहा आठवडे बाईंनी इस्पितळाच्या जिन्यात, गॅलरीत, औषधांच्या रांगेत प्रार्थना केली. दातांच्या कण्या करणे असे तुम्ही म्हणता ना, ते माझ्या बाबतीत खरोखरच व्हायचे बाकी होते. घड्याळवाले वाचले. काठी घेऊन चालू लागले. पण उजवा हात गेला आणि शब्द परत आले नाहीत.

"त्यांना समजतं सगळं," डॉक्टर म्हणाले. "बोलणं किती येईल ते मात्र मी सांगू शकत नाही."

त्याच दिवशी चर्चमधल्या एक बाई भेटायला आल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या सगळ्यांना सल्ले देत, म्हणून लोक त्यांना सल्लागारबाई म्हणत. त्यांनी टेलरबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "विश्वासात कुठेतरी कमी पडत असेल हो तुमच्या. नाहीतर एवढ्या प्रार्थना वाया जातात का?"

टेलरबाईंनी तोंड मिटले. मी आणि माझी बहीण अशा एकमेकींवर दाबल्या गेलो की माझ्या कडेला एक बारीक चीर गेली. ती अजून आहे.

त्या दिवसापासून बाईंची प्रार्थना थांबली. हे फक्त मला माहीत होते. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळले नसते. दर रविवारी बाई चर्चमध्ये जात, गाण्याला ओठ हलवत, डोळे मिटून मान खाली घालत. पण गाताना जो श्वास माझ्यावरून जायचा तो जात नव्हता. मी तोंडाच्या आतच बसलेली, माझ्यापासून काय लपणार?

पाळकसाहेबांनी एकदा त्यांना प्रार्थना करायला सांगितले. बाई म्हणाल्या, "नाही जमणार साहेब. कवळी टोचते."

मित्रांनो, माझ्यावर आलेला हा पहिला आळ! पुढे दर रविवारी तेच. कवळी टोचते, कवळी हलते, कवळीने बोलवत नाही. सगळी मंडळी माझ्या मागे लागली. कुणी लवंगेचे तेल आणून दिले, कुणी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, कुणी कवळी चिकटवायची पूड आणली. शेवटी बाईंची लेक त्यांना दंतवैद्याकडे घेऊन गेली. त्याने दिवा लावून हिरडी न् हिरडी तपासली.

"टोचण्यासारखं काही दिसत नाही बाई. कुठे टोचतंय?"

"आत."

"इथे?"

"आणखी आत."

दंतवैद्याने दिवा बंद केला. माणूस शहाणा होता.

घड्याळवाले घरी आले तेव्हा महिनाभर लेक राहिली. जेवणाआधी तीच प्रार्थना करी, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आले नाही. मग तिची रजा संपली आणि ती आपल्या घरी गेली. दुपारी बाईंनी सूप आणि पाव टेबलावर मांडले. घड्याळवाल्यांनी डोळे मिटले आणि वाट बघू लागले.

बाईंनी ओठ हलवले. "आमेन," त्या म्हणाल्या.

घड्याळवाल्यांनी एक डोळा उघडला. चाळीस वर्षे ज्या माणसाने या प्रार्थनेपायी गार सूप प्यायले, त्याला दोन सेकंदांची प्रार्थना कशी चालावी? त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटाने वाटी पुढे सरकवली.

"अहो, झाली की प्रार्थना!"

बोट पुन्हा वाटीला लागले. वाटी आणखी दोन इंच गेली.

संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. घड्याळवाले पाणी पीत, औषधाची गोळी घेत, पण घास घेत नसत. बाईंनी रागावून पाहिले, विनवून पाहिले, चमचा तोंडाशी नेऊन पाहिला. ओठ घट्ट. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस वाट बघण्यात कुणाला हार जात नसतो. अंगात आधीच ताकद नव्हती. उठताना त्यांचे पाय लटपटू लागले आणि बाई मनातून घाबरल्या. स्वतः त्यांनीही काही खाल्ले नव्हते. खरे तर कित्येक आठवडे त्या धड जेवतच नव्हत्या. गाल बसले होते, हिरड्या आक्रसल्या होत्या आणि आता मी खरोखरच सैल झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी वाटी त्यांच्यासमोर जवळजवळ आपटली.

"प्रार्थना हवी आहे ना? ऐका मग! प्रभू, हे सूप आहे. सूपबद्दल आभार. बाकी कशाबद्दलही मला आज आभार मानायचे नाहीत. सहा आठवडे मी तुझ्या दारात बसले होते. तू ऐकलंस की नाही, देव जाणे! म्हणजे तूच जाण! आणि शब्दच न्यायचे होते तर माझे न्यायचे होतेस. माझ्याकडे पोत्यांनी होते! या माणसाकडे होते किती? दिवसाला वीस! ते वीससुद्धा तुला बघवले नाहीत? वर ती बाई म्हणते माझा विश्वास कमी पडला. पडला असेल! पण तू कुठे होतास? सांग की! समोर ये आणि सा—"

त्या 'सा'ला माझी पकड सुटली. मी हवेतून गेले आणि टेबलापलीकडे घड्याळवाल्यांच्या सूपच्या वाटीत पडले.

मी सूपच्या तळाशी होते, मला गाजराशिवाय काही दिसत नव्हते. मग वरून एक विचित्र आवाज आला. मला वाटले पुन्हा झटका आला. पण घड्याळवाले हसत होते. अर्धे तोंड हलत नव्हते, म्हणून उरलेल्या अर्ध्याने हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हशू नका!" बाई ओरडल्या. वरचे दात नव्हते ना. "हशायला काय झालं?"

आपलाच आवाज त्यांच्या कानांवर पडला आणि त्याही हसू लागल्या. हसता हसता रडू लागल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले, हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "येशूच्या नावाने. आमेन."

आमेन म्हणायला दात लागत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले.

घड्याळवाल्यांनी चमच्याने मला वाटीतून बाहेर काढले, बशीवर ठेवले आणि त्याच वाटीतले सगळे सूप पिऊन टाकले. माझ्या आयुष्यात माझा एवढा सन्मान कुणी केलेला नाही.

यानंतर सगळे ठीक झाले असे मी सांगितले तर ते खोटे होईल. दुसऱ्या दिवशीची प्रार्थना दोन ओळींची होती आणि त्यातली एक ओळ तक्रारीची. काही दिवस नुसती तक्रार असे. पण माझ्यावरून पुन्हा श्वास जाऊ लागला होता. दंतवैद्याने माझ्या आतून नवा थर भरून मला घट्ट केले. रविवारी बाईंनी पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, दोष कवळीचा नव्हता. मीच बोलत नव्हते देवाशी. आता बोलते, पण भांडतेच जास्त."

"रोज भांडता?"

"रोज."

"म्हणजे बोलणं रोज चालू आहे," पाळकसाहेब म्हणाले. "आमच्यातल्या पुष्कळांचं तेवढंही नाही."

मी निर्दोष सुटले.

पुढे सल्लागारबाई आपला कोट आवळून घ्यायला आल्या. टेलरबाईंच्या तोंडात सात टाचण्या होत्या. मी श्वास रोखून होते. सातही टाचण्या कोटात गेल्या आणि एकही सल्लागारबाईंना टोचली नाही. क्षमा यापेक्षा मोठी असत असेल, पण मी पाहिलेली ही.

घड्याळवाले आणखी चार वर्षे जगले. वीस शब्दांपैकी तीन परत आले: हो, नको आणि थांब. प्रार्थना लांबली की ते "थांब" म्हणत, आणि बाई डोळे न उघडता म्हणत, "थांबते हो. एवढा पोस्टमनचा गुडघा होऊ दे."

एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी बाईंकडे पाहिले. लेकीला काळजी वाटली की आई आता पुन्हा मुकी होते की काय. मलाही वाटली. बाई पुढे झाल्या.

"प्रभू, माणूस घेतलास. मला आवडलेलं नाही. पण तुझ्याजवळ आहे, म्हणून धीर आहे. त्याच्याशी बोलत जा, तो चांगला ऐकतो. आमेन."

एवढेच. आवाज थरथरत होता, पण मी हलले नाही. ते माझे शेवटचे मोठे काम. नंतर माझ्या कडेची चीर वाढली. बाईंनी नवी कवळी केली आणि मला अडीअडचणीसाठी ठेवून दिले. पहिले काही दिवस मला फार एकटे वाटले. आता सवय झाली आहे. शिवाय इथून खोलीतले सगळे ऐकू येते.

परवाच समोरच्या घरातली परिचारिका आली होती. तिची आई सगळे विसरत चालली आहे. त्या सकाळी तिने लेकीलाच विचारले, तुम्ही कोण?

"मावशी, प्रार्थनेला बसते पण तोंडातून शब्द फुटत नाही," ती म्हणाली. "नुसता राग येतो."

"मग राग सांग. परक्या माणसावर कोण रुसतं? ज्याचा भरवसा असतो त्याच्यावरच रुसतो आपण."

"देवाला काय वाटेल?"

"त्याने माझं ऐकून घेतलंय बाई. तुझं काहीच नाही."

परिचारिकेने डोळे मिटले. मग म्हणाली, "प्रभू, तिला माझं नावसुद्धा..." आणि तिला पुढे बोलवेना. टेलरबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि वाक्य पुरे केले नाही. मित्रांनो, बाईंनी दुसऱ्याचे अर्धे वाक्य अर्धेच ठेवले! मी त्यांना इतकी वर्षे आतून ओळखते. त्यांच्या विश्वासाचा यापेक्षा मोठा पुरावा माझ्याजवळ नाही.

तेव्हा माझी एक विनंती आहे. कवळी फार दिवस काढून ठेवू नये, ती कोरडी पडते, हिरडी बदलते आणि मग परत बसवताना टोचते. प्रार्थनेचेही तसेच असावे असे मला वाटते. तुमच्याही घरी कधी वाईट दिवस येतील. देवावर राग आला तर खुशाल रागवा, पण त्याच्याशी बोलणे टाकू नका. आणि टाकलेच असेल, तर उद्या सकाळी पुन्हा सुरू करा. थोडे टोचेल. टोचू द्या.