हिल्काचं अंगण कोण साफ करतं

रौनो माझा शत्रू नाही. पण या हिवाळ्यात तो माझ्या वाटणीची निदान वीस कप कॉफी प्यायला, आणि तीही वेलचीच्या गोड पावासकट, म्हणजे पुल्ल्यासकट. तेव्हा त्याच्याबद्दल मी गोड बोलेन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

हिल्का आमच्या रस्त्याच्या टोकाला राहते. नवरा गेला त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून एकटीच. बर्फ पडला की मी पहाटे पाचला माझा जुना ट्रॅक्टर काढतो. चाकांना साखळ्या, मागे बर्फ ओढायचं ब्लेड. तिचं अंगण साफ करतो आणि सहाच्या आत घरी येतो. ती कानातलं यंत्र काढून झोपते, त्यामुळे तिला काही ऐकू जात नाही. मी हे का करतो? मला हिल्का आवडते म्हणून. लिहून टाकलं एकदाचं. तोंडानं बोलायला मला सत्तर वर्षांत जमलेलं नाही.

ब्लेड मागे असलं की सगळा वेळ मान वळवून बसावं लागतं. मार्च संपेपर्यंत माझी मान घुबडासारखी फिरायला लागते. पण त्या ब्लेडसारखं काम दुसरं कुठलंच अवजार करत नाही. ट्रॅक्टर उलटा घेत थेट पायरीपर्यंत न्यायचा, ब्लेड टेकवायचं आणि बर्फ दारापासून ओढत बाहेर आणायचा. ज्याचा बर्फाचा नांगर पुढे असतो तो बर्फ दारावरच ढकलतो. रौनोचा नांगर पुढे आहे. म्हणजे हिल्काच्या पायरीपर्यंत स्वच्छ केलेलं अंगण त्याचं असूच शकत नाही, हे बर्फात जन्म काढलेल्या बाईला एका नजरेत कळायला हवं होतं.

पण नजरच नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गावाचा रस्ता साफ करायचं काम रौनोकडे आहे. सातला त्याचा मोठा लाल ट्रॅक्टर पिवळा दिवा फिरवत तिच्या फाटकावरून जातो. हिल्का सातला उठली, अंगण लख्ख दिसलं, रस्त्यावर पिवळा उजेड दिसला. तिनं दार उघडलं आणि हात करून रौनोला कॉफीला बोलावलं. आणि तो गेला!

हे मला दुकानात पोस्टाच्या बाईकडून कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रौनो तिथेच, माशांच्या फ्रीजपाशी उभा होता.

"ते अंगण तू साफ केलं नाहीस," मी म्हणालो.

"नाही," तो म्हणाला.

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

त्यानं फ्रीजमधला एक मासा उलटून पाहिला. "तिनं कप पुढे ठेवला आणि थँक्यू म्हणाली. मी नाही म्हटलं असतं, तर सगळं समजावत बसावं लागलं असतं. तोवर कॉफी गार झाली असती."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी तर पहिल्या वेळचंही समजावावं लागलं असतं. तूच सांग ना तिला."

"मी कसं सांगू?"

"मग झालं तर," म्हणून त्यानं दोन मासे उचलले आणि गेला.

इथेच तर अडतं. आमच्या गावात आपण केलेलं चांगलं काम आपल्याच तोंडानं सांगणारा माणूस म्हणजे चर्चमध्ये शिट्टी वाजवणारा. उद्या मी मेलो तरी हिल्काच्या दारात जाऊन 'ते मी केलं' असं म्हणणार नाही, हे रौनोला पक्कं ठाऊक होतं.

मग मी ठरवलं, कौतुक रौनोचं होतंय ना, मग शिव्याही त्यालाच पडू देत.

पुढच्या बर्फाला मी ब्लेड तिरकं लावलं आणि अंगणातला सगळा बर्फ नेऊन तिच्या पत्रपेटीपुढे कमरेइतका वरंबा घातला. पोस्टाची गाडी पेटीपर्यंत पोचलीच नाही. हिल्कानं रौनोला फाटकावर अडवून असं झापलं की टेकाडावरच्या माझ्या घरापर्यंत ऐकू आलं. मी खिडकीत बसून चहा प्यालो. सुख म्हणतात ते हेच.

पण तो गाढव खाली उतरला, फावडं घेतलं आणि वरंबा हातानं फोडला. तेही 'मी नाही केलं' असं न म्हणता. झापल्याचं वाईट वाटून हिल्कानं त्याला त्या दिवशी पुल्ल्याबरोबर पॅनकेकही घातले.

मला शहाणपण यायला हवं होतं. नाही आलं. मी नेम धरला शनिवारचा. पहाटे जाऊन तिच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दारावर माणूसभर उंच ढीग रचला. शनिवारी आमच्याकडे ज्याला सौना मिळत नाही त्याच्याशी कोणी बोलायलाही धजत नाही. म्हटलं, आता संपला रौनो. रौनो दोन तास उपसत होता. संध्याकाळी मला सौनाच्या धुराड्यातून धूर दिसला. थोड्या वेळानं रौनो रस्त्यानं येताना दिसला, बीटासारखा लाल, गळ्यात टॉवेल. घामाघूम झालाच आहेस तर तूही अंघोळ उरकून जा, असं तिनं म्हटलं होतं म्हणे.

त्या रात्री मी जेवलो नाही. हे असंच चाललं तर ईस्टरपर्यंत रौनो तिच्या घरात कायमच्या चपला ठेवेल, आणि त्या मीच नेऊन ठेवलेल्या असतील.

फेब्रुवारीत रौनो दोन आठवड्यांसाठी कॅनरी बेटांवर गेला. रस्त्यासाठी शेजारच्या गावचा माणूस लावून गेला, अंगणासाठी कोणीच नाही. आणि सोमवारी रात्री गुडघाभर बर्फ पडला. मंगळवारी साडेसहाला हिल्काची टॅक्सी येणार होती. कायानी शहराच्या हॉस्पिटलात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, सात महिने थांबून मिळालेली तारीख.

मी पाचला ट्रॅक्टरवर बसलो आणि तसाच बसून राहिलो. अंगण साफ केलं तर हिल्काला कळणार की इतके दिवस हे करणारा रौनो नव्हता. ते मला हवंच होतं. पण मग पत्रपेटी? सौना? श्रेय घ्यायचं तर पापही पदरात घ्यावं लागणार होतं. आणि नाही साफ केलं, तर टॅक्सी फाटकातच रुतणार, तारीख जाणार, आणखी सात महिने ती भिंती चाचपत फिरणार.

मला भीती वाटली, खरंच. तरी किल्ली फिरवली.

शेवटची ओढ घेत होतो तेवढ्यात पायरीवरचा दिवा लागला. ऑपरेशनच्या धास्तीनं ती कधीचीच उठून बसली होती. कोट, टोपी, कानात यंत्र, सगळं तयार. ट्रॅक्टरपर्यंत आली आणि चाकावरच्या पत्र्याला जवळजवळ नाक लावून बघितलं.

"हा लाल नाही," ती म्हणाली. "आणि रौनो तिकडे वाळूत लोळतोय. कोण आहेस तू?"

"एस्को."

"कधीपासून करतोयस?"

"तीन हिवाळे."

तिनं हातातली काठी बर्फात रोवली. मला वाटलं आता काही छान बोलेल.

"म्हणजे पत्रपेटी?"

"मीच."

"आणि सौना?"

"तेही."

"मेल्या!" तिनं काठी पत्र्यावर हाणली. "त्या बिचाऱ्यानं दोनदा माफी मागितली रे माझी!"

"कॉफी किती वेळा मागितली ते पण विचार त्याला."

तिनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते. रडतेय की हसतेय ते मागून कळेना, आणि मी उतरून बघायला धजलो नाही. रस्त्यावर टॅक्सीचे दिवे दिसले. तिनं पर्समधून हॉस्पिटलचा एक कागद आणि पेन काढलं आणि कागद डोळ्यांपाशी धरला.

"पट्टी बांधून घरी पाठवतात. उद्यापर्यंत घरात एकटं राहायचं नाही, कोण सोबत असणार ते लिहून द्या म्हणाले. मी रौनोचं नाव घालणार होते, तर तो पळाला. काय लिहू इथे?"

तीन हिवाळे जे तोंडातून निघालं नाही ते त्या थंडीत इतक्या जोरात निघालं की टॅक्सीवाल्यानंही काच खाली केली.

"माझं लिही. एस्को लिही."

"ओरडू नकोस, यंत्र लावलंय." तिनं लिहिलं. "पुढे नातं विचारलंय."

"शेजारी लिही."

"शेजारी सौना बुजवतात होय?" ती म्हणाली. मग तिनं कागद ट्रॅक्टरच्या पत्र्यावर टेकवला आणि काहीतरी लिहिलं. 'शेजारी' हा शब्द लिहायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ लागला. घडी घालून तिनं तो पर्समध्ये टाकला, घराची किल्ली माझ्या हातमोज्यात कोंबली आणि मी हात पुढे करायच्या आत टॅक्सीत जाऊन बसली.